आधी मशिनवरचं कव्हर काढा

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, कोल्हापूरला राहते. यजमान नोकरी करतात, सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला. मी घरी ब्लाउज शिवायचे, फॉल-पिको करायचे. गिऱ्हाईक चांगलं होतं. आता तीन महिने मशिनला हात लावलेला नाही. घरात तसं दुःख काही नाही, तरी मन उदास असतं, कशात जीव रमत नाही. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल बघत पडते, सकाळी आठला कशीबशी उठते, दुपारी पुन्हा दोन तास झोपते. भूक नसते, चहा मात्र पाच-सहा वेळा होतो. मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर चालायला जायचे, पाऊस सुरू झाल्यापासून तेही बंद. पाळीही वर्षभर मागेपुढे होते आहे. यजमान म्हणतात, देवळात जाऊन ये. बहीण म्हणते, चांगले विचार कर. जीव द्यावा असं काही मनात येत नाही, पण असं किती दिवस काढायचं? रोज करता येईल असं साधं काही सांगा.

उत्तर :

ताई, जीव द्यावा असं मनात येत नाही हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत, ते फार बरं केलंत. म्हणून आज रोजच्या सवयींबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. पण पाळीबद्दल जे एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मन लागलं की मशिनवर बसेन, जरा बरं वाटलं की चालायला जाईन, अशी वाट तुम्ही तीन महिने पाहताय. उदासीत ही वाट पाहणंच घात करतं. मन खाली गेलं की माणूस हालचाल कमी करतो, भेटीगाठी टाळतो. त्याबरोबर दिवसातले बरं वाटण्याचे प्रसंगही गळत जातात. तुमचं शिवण थांबलं तेव्हा फक्त चार पैसे थांबले नाहीत. कापड टाकायला येणाऱ्या बायकांच्या गप्पा थांबल्या, पूर्ण झालेला ब्लाउज घडी करून ठेवतानाचं समाधान थांबलं, ‘बाही छान बसली हो’ हे ऐकणं थांबलं. इतकं सगळं एकदम गेल्यावर मन आपोआप वर येईल तरी कशाच्या आधाराने? म्हणून आधी कृती, मन मागून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात ही दिशा मांडली. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ती वापरून पाहिली. तिथे डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत लोकांना हेच शिकवलं, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या लोकांना जास्त उतार पडला. ही साधी माणसं होती, बरीचशी तुमच्यापेक्षा जास्त खचलेली.

पहिले चार दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. एका वहीच्या पानावर सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दोन-दोन तासांच्या ओळी आखा. प्रत्येक ओळीत त्या वेळात काय केलं ते चार शब्दांत लिहा आणि पुढे दोन आकडे टाका. मन कसं होतं त्याला शून्य ते दहा, आणि काहीतरी केल्याचं समाधान किती होतं त्याला शून्य ते दहा. लिहायचं त्या-त्या वेळी, रात्री एकदम नाही. रात्री थकलेलं मन मागे वळून बघतं तेव्हा त्याला सगळा दिवस एकाच काळ्या रंगाचा दिसतो, आणि सगळ्या ओळींत एकच आकडा पडतो. वेळच्या वेळी लिहिलंत तर बहुधा दिसेल की दुपारच्या झोपेतून उठल्यावर आकडा सगळ्यात खाली असतो आणि सासूबाईंशी बोलत भाजी निवडताना तो दोन घरं वर असतो. कोणत्या तासाला हात घालायचा ते हेच पान सांगेल.

मग एकच गोष्ट पक्की करा, उठण्याची वेळ. झोपण्याची नव्हे. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. आज आठला उठत असाल तर उद्या एकदम सहाचा गजर लावू नका. दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं मागे आणा, असं करत साडेसहा-पावणेसातपर्यंत या. रात्र वाईट गेली तरी सकाळची वेळ तीच ठेवायची, रविवारीही तीच. इथेच बहुतेकांची गाडी अडते. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी भरपाई केली की त्या रात्रीची झोप पुन्हा लांबते. दुपारची दोन तासांची झोप तेच करते. जागेपणी हळूहळू साठणारी झोपेची ओढ ती दुपारीच संपवून टाकते आणि रात्री एकपर्यंत डोळे टक्क उघडे राहतात. दुपारी पडायचंच असेल तर तीनच्या आधी, गजर लावून वीस मिनिटं, आणि पलंगावर नाही, आरामखुर्चीत. पहिला आठवडा त्रासाचा जाईल, दिवसा पेंग येईल. त्याचा अर्थ उपाय लागू पडत नाही असा नाही. ती पेंगच रात्री कामाला येते.

मोबाइल रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ घ्या. गजर मोबाइलवरच राहिला तर मोबाइल उशाशी राहणारच. पडून अर्धा तास झाला आणि झोप आली नाही तर उठून बसा, मंद दिव्यात भाज्यांच्या पिशव्या आवरा, काहीही कंटाळवाणं करा, पेंग आली की परत पडा. अंथरुणात जागं पडून राहायची सवय लागली की अंथरूण दिसताच मेंदू विचार करायला बसतो.

आता उजेड. पावसाळ्यात याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि कोल्हापूरचा पाऊस म्हणजे आठवडेच्या आठवडे ढग. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत उजेड साधारण शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो. ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर तो काही हजार लक्स असतो, आणि लख्ख उन्हात पन्नास हजारांच्या पुढे जातो. डोळ्यांना हा फरक तितका जाणवत नाही, कारण डोळे उजेडाशी जुळवून घेतात. शरीरातलं झोप-जागेचं घड्याळ मात्र या उजेडावरच लावलं जातं. उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं आकाशाखाली बसा. पाऊस असेल तर गच्चीच्या पत्र्याखाली, सोप्यात, गॅलरीत, तोंड आकाशाकडे करून. सूर्याकडे थेट बघायचं नाही. घराच्या आत खिडकीपाशी बसले तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. खिडकीच्या अगदी कट्ट्यावर बसलात तर थोडा उपयोग होईल, पण चार-पाच फूट आत सरकलं की उजेड झपाट्याने पडतो. सकाळचा पहिला चहा आणि काहीतरी निवडण्या-सोलण्याचं काम तिथेच नेलंत, तर या अर्ध्या तासासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

शिवणाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तुमचं औषध बरंचसं तिथेच आहे असं आम्हाला वाटतं.

‘उद्यापासून काम सुरू करते’ असं ठरवून कुणाचा तरी ब्लाउज घेऊ नका. मापाचा ब्लाउज म्हणजे कापणं, अस्तर, गळा, टक्स, बाह्या, हूक, आणि वर तारखेचं ओझं. उदासीत लक्ष लागत नाही, निर्णय घेताना हात अडतो. गळा बिघडला की ‘मला आता काही जमत नाही’ हा शिक्का स्वतःवर मारून तुम्ही आणखी तीन महिने मशिन झाकून ठेवाल. म्हणून काम इतकं छोटं करा की सगळ्यात वाईट दिवशीही ते होईल.

पहिल्या दिवशी फक्त कव्हर काढायचं, धूळ पुसायची, बॉबिन-केस काढून त्यातला कचरा ब्रशने झाडायचा. दहा मिनिटं. झालं, उठा. दुसऱ्या दिवशी तेलाचे थेंब घालून एका चिंधीवर सरळ शिलाई मारून बघायची, टाका सैल पडतोय का ते पाहायचं. तिसऱ्या दिवशी घरातली उसवलेली एखादी शिवण. मग उशीचा अभ्रा, त्यात सगळं सरळच असतं. मग स्वतःच्याच एका साडीला फॉल, तोही एका दिवसात नाही. आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या. गिऱ्हाइकाचं काम दोन आठवडे घ्यायचं नाही, आणि घ्याल तेव्हा आधी फक्त फॉल-पिको, तेही आठवड्याला दोनच साड्या. कुणी ब्लाउज घेऊन आलंच तर ‘दिवाळीआधी घेईन, आत्ता नाही’ असं सांगा.

वेळ घड्याळाला नाही, रोज हमखास होणाऱ्या कामाला बांधा. ‘अकराला मशिनवर बसेन’ म्हटलं की अकरा वाजून जातात. ‘सासूबाईंचं जेवण झालं, ताट उचललं, की हात पुसून मशिनपाशी’ असं ठरवलं की ताट उचलणंच आठवण करून देतं. आणि दहा मिनिटं झाली की मन लागलेलं असलं तरी पहिल्या आठवड्यात उठाच. बऱ्या दिवशी उत्साहात तीन तास बसून दुसऱ्या दिवशी अंग टाकून देणं, हा खड्डा फार जण स्वतःसाठी खणतात. बरा दिवस असो, वाईट दिवस असो, माप सारखंच ठेवा. मग आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवा.

या कामात लगेच आनंद वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीला वहीत मनाचा आकडा दोनच राहील आणि समाधानाचा आकडा तीनवरून चारवर जाईल. समाधान आधी हलतं, मन मागून हलतं. पहिल्या आठवड्यात मनाचाच आकडा पाहत बसलात तर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून द्याल. दोन ते तीन आठवड्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवूनच निर्णय घ्या. मध्ये एखादा दिवस चुकला तर चुकला. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

चालण्याचंही असंच. रंकाळ्याची पूर्ण फेरी हा आजचा हिशोब नको. घरातून निघून पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं परत. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तीस मिनिटांपर्यंत या. आठवड्यातून पाच दिवस असं झालं की जागतिक आरोग्य संघटना सांगते ती दीडशे मिनिटं भरतात. मुसळधार पाऊस असेल तर घरातच फोनवर बोलत येरझाऱ्या घाला. गुडघे ठीक असतील तर जिना चढा-उतरा. कपडे आणि चपला रात्रीच दाराशी काढून ठेवा. सकाळी उदास मन एवढंसं निमित्त शोधत असतं, आणि कपाटातला ड्रेस इस्त्री केलेला नाही हे निमित्त त्याला पुरतं.

मैत्रिणींना कसं तोंड दाखवायचं, इतके दिवस फोन घेतले नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल. उदासीत ते जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि जितके दिवस टाळावं तितकं ते जड होतं. लांबलचक खुलासा देऊ नका. त्यातल्या जवळच्या एकीलाच निरोप पाठवा : ‘बरेच दिवस मन ठीक नव्हतं, म्हणून फोन घेतले नाहीत. गुरुवारी सकाळी दहा मिनिटं येते चालायला. फार बोलणार नाही, पण सोबत हवी आहे.’ वार आणि वेळ निरोपातच लिहा. ‘भेटू कधीतरी’ लिहिलंत तर भेट होणार नाही. मुलाशीही रोज ‘जेवलास का’ विचारण्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवा, रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं. मग त्याच्या फोनची दिवसभर वाट पाहणं कमी होईल.

यजमानांचं म्हणणं टाकाऊ नाही. अंबाबाईच्या देवळापर्यंत जाण्यात चालणं आहे, उजेड आहे, माणसं आहेत. ते आठवड्याच्या दोन ठरलेल्या वारी बसवा. बहिणीचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो तसाच्या तसा पाळता येत नाही. वाईट विचार ढकलून चांगला बसवायला गेलं की ढकललेला विचार दुप्पट जोराने परत येतो, आणि चांगले विचारसुद्धा जमत नाहीत याचा अपराधीपणा वर चढतो. त्याऐवजी काळजीला एक वेळ द्या. संध्याकाळी पाच ते सव्वापाच वही घेऊन बसा. डोक्यात फिरणारं सगळं उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, यावर या आठवड्यात मी काही करू शकते की नाही. करता येण्यासारखं असेल तिथे पहिली छोटी पायरी लिहा. नसेल तिथे काही लिहू नका. रात्री तोच विचार आला की ‘उद्या पाचला’ एवढंच म्हणायचं. ही वेळ रात्री आठनंतर ठेवू नका, त्याचे पडसाद झोपेत येतात.

खाण्याबद्दल थोडंच. एखादा पदार्थ खाल्ला आणि उदासी गेली असं होत नाही, तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण उपाशीपोटी चहावर दिवस काढला की दुपारी अकरा-बारापर्यंत हातपाय गळतात, चिडचिड होते, आणि ते सगळं उदासीच्या खात्यावर जमा होतं. उठल्यापासून दीड तासात काहीतरी पोटात जाऊ द्या. भूक नसेल तर अर्धी वाटी : शेंगदाणे घातलेले पोहे, मोडाची उसळ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. चहा पाच-सहावरून दोन-तीनवर आणा, पण दर तीन दिवसांनी एकच कप कमी करा. एकदम सोडलात तर डोकं दुखतं आणि पुन्हा सुरू होतो. शेवटचा कप तीनच्या आत, कारण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. जेवणातलं लोह अंगी लागायला चहा अडथळा करतो.

आता पाळीची गोष्ट. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी वर्षभर मागेपुढे होते आहे, म्हणजे तुम्ही बहुधा रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहात. या काळात संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) चढउताराचा परिणाम झोपेवर आणि मनावर थेट होतो. पूर्वी कधी उदासी न आलेल्या बायकांनाही या वर्षांत ती येऊ शकते. रात्री घाम फुटून जाग येते का, अचानक अंगातून वाफा जातात का, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे वहीत वेगळं लिहा. स्त्रीरोगतज्ज्ञांना यासाठी दाखवणं गरजेचं आहे. त्यावर उपचार आहेत, ते सोसत राहण्याचं कारण नाही.

त्याच वेळी रक्ताच्या काही तपासण्या करून घ्या : हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर. थायरॉइड मंदावला किंवा अंगात रक्त कमी पडलं की थकवा, झोपाळूपणा, निरुत्साह हे सगळं हुबेहूब उदासीसारखं दिसतं, आणि मग कितीही चाललं तरी पुरेसा फरक पडत नाही. मांसाहार नसेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते. कुणी सांगितलं म्हणून बी-१२ ची गोळी आधीच सुरू करू नका, कारण नंतर आकडा चढलेला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी त्या दोन-तीन दिवस थांबवायला सांगतात.

तीन महिने हा काळ लहान नाही, ताई. बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, असं दोन आठवडे चाललं की डॉक्टर त्याकडे नैराश्याची शक्यता म्हणून पाहतात. त्यासाठी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, ती फॅमिली डॉक्टरही भरून घेऊ शकतात. २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. म्हणून सवयी सुरू करा, पण तपासणी सवयींचा निकाल लागेपर्यंत लांबवू नका, दोन्ही याच महिन्यात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. गोळ्या घ्याव्या लागल्या तरी वही, उजेड आणि मशिन सोडायचं नाही, ते सगळं एकमेकांना हात देतं.

मध्येच कधी ‘आपण नसतो तर बरं’ असं मनात डोकावलं, जेवण-पाणी सुटलं, किंवा दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही असं झालं, तर हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी यजमानांना सांगा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, मराठीत बोलता येतं. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. पहिले चार दिवस आणि शेवटचे चार दिवस, एवढी पानं खुणेचा दोरा घालून ठेवा. पाच-दहा मिनिटांच्या तपासणीत ‘बरं वाटत नाही’ याच्यापुढे सांगायला सुचत नाही. पानावर झोपेच्या वेळा, चहाचे कप, घामाच्या रात्री आणि दोन्ही आकडे लिहिलेले असले की डॉक्टरांना प्रश्न विचारायला धागा मिळतो.